गोर्बाचेव्हच्या गावातले ८,८८८ सेंटनर: हिशेब बसतो का?

वाचनालय_कागल
नेत्यांच्या जन्मगावांचे फलक करतोय. सोव्हिएत संघाचे शेवटचे नेते मिखाईल गोर्बाचेव्ह, जन्म २ मार्च १९३१, गाव प्रिव्होल्नोये, स्टॅव्ह्रोपोल प्रांत, इथपर्यंत झालं. पुढं असं की १९४८ च्या सुगीत बाप-लेकानं मिळून ८,८८८ सेंटनर धान्य काढलं आणि सतरा वर्षांच्या पोराला सरकारी सन्मान मिळाला. आपल्याकडं एकरी पंधरा क्विंटल गहू निघाला तर गावभर चर्चा होते. फलक वाचून लोक हसणार नाहीत ना? शिवाय नकाशावर प्रिव्होल्नोये नावाची बरीच गावं दिसतात. त्यातलं नेमकं कुठलं?

मळणीवाला_शिरोळ
हसायचं कारण नाही भावा. दोघांनी ते पिकवलं नव्हतं, फक्त कापलं आणि मळलं. पेरणी-मशागत सामुदायिक शेताची (गावच्या जमिनी एकत्र करून चालवलेलं शेत, रशियनमध्ये कोलखोज). वडील सर्गेई कम्बाइन (कापणी-मळणी एकत्र करणारं यंत्र) चालवायचे, मुलगा मदतनीस. कम्बाइन ट्रॅक्टरमागं ओढायचं, त्यामुळं ट्रॅक्टरवाले वेगळेच.

रशियन सेंटनर १०० किलोचा, म्हणजे आपला क्विंटलच. (जर्मन सेंटनर ५० किलोचा. तो धरला की आकडा निम्म्यावर येतो.) हेक्टरी २० क्विंटल उतारा धरा. ८,८८८ ला ४४४ हेक्टर, म्हणजे सुमारे १,१०० एकर. कापणीचा पट्टा ५ मीटर आणि वेग ताशी ४ किमी धरला तर कागदावर तासाला २ हेक्टर होतात. वळणं, टाकी रिकामी करणं, चोंदलेलं काढणं यात तीस टक्के वेळ जातो. उरले १.४. म्हणजे ३२० तासांच्या आसपास. रोज पंधरा तास चाललं तर एकवीस-बावीस दिवस. गोर्बाचेव्ह स्वतः वीस-वीस तास कामाचं सांगायचे, तसं असेल तर सोळा दिवसांतही उरकतं.

तिथली जमीन सलग, सपाट. आपल्या वीस-तीस गुंठ्यांच्या तुकड्यांत हेच मशीन सोडा, निम्मा दिवस बांधावर वळण्यात जाईल.

दाणे_मोजा
हिशेब बरोबर, पण एक लक्षात घ्या. टाकीतलं वजन आणि कोठारातलं वजन एक नसतं. १८ टक्के ओलाव्याचा १०० किलो गहू १४ टक्क्यांवर आला की ९५.३ किलो राहतो, भुसा-काडी निघते ती वेगळीच.

घाईत नुकसान कुठं होतं तेही पाहा. सकाळी दव असताना सुरू केलं की काड चिवट असतं, मळणीच्या ड्रमला गुंडाळतं आणि ओंबीत दाणा राहतो. दुपारी काड कडक वाळल्यावर तोच वेग ठेवला तर दाणा फुटतो, म्हणून ड्रम हळू करायचा आणि खालच्या जाळीचं अंतर वाढवायचं. पीक आत ओढणारा पुढचा पंखा (रील) गाडीच्या मानानं जास्त फिरला तर ओंबी झोडपून दाणे तिथंच सांडतात.

तपासायला सोपं आहे. मशीन गेल्यावर एक चौरस मीटर आखा आणि दाणे मोजा. हजार दाणे ४० ग्रॅमचे धरले तर १०० दाणे म्हणजे हेक्टरी ४० किलो गेले. २० क्विंटलच्या पिकात हे २ टक्के. यापुढं गेलं की थांबून सेटिंग बघायचं. क्विंटलवर सन्मान ठरत असेल तर कोण थांबणार, हा प्रश्न आहेच.

वाचनालय_कागल
क्विंटलवर सन्मान म्हणजे? काही ठरलेलं होतं का?

रंकाळा_वाचक
होय, कम्बाइनवाल्यांना उंबरठाच ठरवून दिला होता. १०,००० सेंटनरला 'समाजवादी श्रमाचा वीर' हा किताब, ८,००० ला लेनिन पदक. म्हणून वडिलांना लेनिन पदक, मुलाला श्रमाच्या लाल बावट्याचं पदक. १९५० ला मॉस्को विद्यापीठात जाताना हे पदक मोठीच शिफारस ठरलं.

फलकावर पदक एवढंच लिहू नका, धान्य गेलं कुठं तेही लिहा. आधी सरकारची सक्तीची लेव्ही, पडत्या दरानं. मग मशीन-ट्रॅक्टर स्टेशनची (शेतांना यंत्रं पुरवणारं सरकारी केंद्र) मजुरी, तीही धान्यातच, कारण कम्बाइन शेतकऱ्यांच्या मालकीचं नव्हतं (ही स्टेशनं १९५८ ला मोडली). मग बियाणं. उरेल ते कामाच्या दिवसांच्या हिशेबानं सभासदांना. आपल्या सहकारी कारखान्याशी तुलना करायचा मोह होईल. करू नका. इथं शेअर घेतला तरी सातबारा आपल्या नावावर राहतो, तिथं जमीनच गेली होती.

दोन्ही आजोबांचा उल्लेख हवाच. वडिलांचे वडील आंद्रेई सामुदायिक शेतात जायला तयार नव्हते. पेरणीचं उद्दिष्ट पुरं झालं नाही म्हणून १९३४ ला त्यांना सैबेरियात लाकूडतोडीला धाडलं. आईचे वडील पांतेलेई गोपकालो सामुदायिक शेताचे अध्यक्ष, म्हणजे सरकारच्या बाजूचे. त्यांनाही १९३७ ला अटक झाली, सुटका डिसेंबर १९३८ ला. १९३२-३३ च्या दुष्काळात गावातली निदान तिसऱ्या हिश्श्याची माणसं गेली, असं गोर्बाचेव्ह सांगत.

मळणीवाला_शिरोळ
नकाशाचं राहिलं. येगोर्लिक नदीकाठचं घ्या, स्टॅव्ह्रोपोल शहराच्या वायव्येला, रोस्तोव्ह आणि क्रास्नोदारच्या हद्दीजवळ. तालुका क्रास्नोग्वार्देयस्की, पण याही नावाचा दुसरा तालुका क्रिमियात आहे, तिकडं टाचणी टोचू नका. १९३१ ला हा भाग उत्तर कॉकेशस प्रांतात होता, म्हणून जन्मनोंदीच्या ओळीत 'आजचा स्टॅव्ह्रोपोल प्रांत' लिहा. नदीचं पाणी सगळं तिचं नाही. नेविन्नोमिस्क कालव्यानं कुबान नदीचं पाणी तिच्यात सोडलंय आणि तो कालवा पुरा झाला १९४८ लाच.