दोरो वतमध्ये टोमॅटो कोणी सांगितला? (परिवार ग्रुपवरील चर्चा)

मंगळवार

वहिनी (अदिस अबाबा): सर्वांना नमस्कार. काल रात्री भाऊजींनी 'अर्ध्या तासात इथिओपियन चिकन' अशी जी कृती ग्रुपवर टाकली आहे, ती वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे, म्हणून चहा घेण्याआधी हे लिहीत आहे. दोरो वत म्हणजे इथला सणाचा कोंबडीचा रस्सा. त्यात नारळाचे दूध नसते, वरून कोथिंबीर नसते, आमच्या इथल्या जुन्या बायका त्यात टोमॅटोही पडू देत नाहीत, आणि आपला गरम मसाला घातल्यावर त्या पदार्थाला दुसरे कोणतेही नाव द्यावे, पण दोरो वत म्हणू नये. घरच्यांपुरते केले असते तर मी एक अक्षर बोलले नसते. परंतु रविवारी आपल्याकडे जेवायला येणारी ती दोन इथिओपियन मुले फसिकाच्या, म्हणजे तिथल्या ईस्टरच्या, आधीच्या ५५ दिवसांच्या उपासात आहेत. मांस, अंडी, दूध, लोणी यांपैकी कशालाही ती शिवलेली नाहीत. त्यांचा उपास ज्या पदार्थाने सुटायचा, तोच आपण त्यांच्यापुढे ठेवणार आहोत, एवढे तरी लक्षात घ्यावे.

भाऊ (कोथरूड): वहिनी, तुमचा मुद्दा मान्य आहे, पण मला शनिवारीही ऑफिस असते आणि तीन-चार तास गॅससमोर उभे राहणे मला जमेल असे वाटत नाही, म्हणून मी कुकरची कृती शोधली. दोन शिट्ट्यांत कोंबडी शिजते, हे आपल्या सर्वांच्या घरी दर रविवारी सिद्ध होते.

मोठे काका (पुणे): या मुलांना बोलावण्याचे मी ठरवले आहे, त्यामुळे दोन शब्द मीच लिहितो. आपल्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहून ती पीएचडी करतात. गेल्या गणपतीत ती दोघे आपल्या आरतीला शेवटपर्यंत उभी होती आणि विसर्जनाला पाट उचलायला सर्वांत पुढे होती. त्यांचा ईस्टर घरापासून दूर जाणार असेल, तर जेवण नीटच झाले पाहिजे. सूनबाई, तुम्ही कृती सविस्तर लिहा आणि बाकीच्यांनी ती पूर्ण वाचल्याशिवाय मत देऊ नये, ही विनंती.

वहिनी (अदिस अबाबा): लिहिते. आमच्या घरमालकीण बाई, ज्यांना सगळी गल्ली इमामा म्हणते, त्या दीड किलोच्या एका कोंबडीला दोन किलो कांदा घेतात. हा कांदा अतिशय बारीक चिरतात आणि जाड बुडाच्या पातेल्यात तेल किंवा तूप न घालता मंद आचेवर चढवतात. पहिली काही मिनिटे काहीच घडत नाही. मग कांद्याला पाणी सुटते, तो त्याच पाण्यात शिजतो, पाणी आटते, आणि तळाला धरायला लागला की त्या चमचा-दोन चमचे गरम पाणी शिंपडून लाकडी डावाने तळ खरवडून घेतात. असे तासभर किंवा त्याहून अधिक चालते. शेवटी कांद्याचा आकार उरत नाही. डाव फिरवला की पातेल्याचा तळ क्षणभर दिसतो आणि तो लगदा सावकाश पुन्हा जागेवर येतो. मसाला आणि तूप यांची वेळ त्यानंतर येते. याला ते कुलेत म्हणतात आणि दोरो वतचा सगळा दाटपणा यातूनच येतो, कारण त्यात पीठ नाही, खोबरे नाही आणि दाण्याचे कूटही नाही.

आत्या (नाशिक): तेलाशिवाय कांदा पातेल्यात टाकला तर तो करपणारच. मी हे चाळीस वर्षांच्या स्वयंपाकाच्या अनुभवावरून सांगत आहे.

वहिनी (अदिस अबाबा): आत्याबाई, आच मंद असेल आणि हात चालू असेल तर करपत नाही. आधी तेल घातले की कांद्याच्या कडा तळल्या जाऊन लाल होतात, आणि असा कांदा रश्श्यात विरघळत नाही, त्याचे तुकडे शेवटपर्यंत वेगळे राहतात. आपल्या मटणाच्या रश्श्यात ते चालते, कारण तिथे दाटपणा खोबऱ्याच्या वाटणाने येतो.

काकू (मालवण): वाटणाशिवाय रस्सा ही कल्पना मला अवघड जाते, पण सूनबाईंनी सांगितलेले कारण मला पटले. कांदा मिक्सरमधून काढला तर चालेल का?

वहिनी (अदिस अबाबा): काकू, कच्चा कांदा मिक्सरमध्ये अगदी वाटला गेला की कडू होतो आणि त्याला पाणीही एकदम सुटते. बारीक चिरण्याचे यंत्र असेल तर अवश्य वापरावे, पण त्याची पेस्ट होऊ देऊ नये.

ताई (डोंबिवली): माझ्या सासूबाई हा ग्रुप वाचतात, हे सर्वांना ठाऊक आहे. सकाळपासून कोंबडीचेच चालले आहे, तेही चैत्रात, आणि शाकाहारी माणसांनी रविवारी काय खायचे याचा कोणी विचारही केलेला दिसत नाही. मागच्या वेळीही आम्हा दोघींना दहीभातावर उठावे लागले होते. मी तक्रार करत नाही, नोंद करून ठेवत आहे.

मोठे काका (पुणे): नोंद घेतली आहे. दहीभाताचा विषय त्याच वेळी मिटला होता, असे मला वाटत होते.

दादा (अदिस अबाबा): ताई, या देशात शाकाहारी माणसाची जेवढी सोय आहे तेवढी फार थोड्या ठिकाणी असेल. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक एरवीही बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात, त्यामुळे कोणत्याही खानावळीत उपासाचे ताट मिळते. मसुरीचे मिसिर वत याच कुलेतावर होते, फक्त तुपाऐवजी तेल घालतात. शिरो म्हणजे हरभरा-वाटाण्याच्या मसालेदार पिठाचे कालवण. तुझ्या सासूबाईंना ते पिठल्याच्या फार जवळचे वाटेल. भाऊने कुलेत थोडे जास्त केले, तर त्यातले चार डाव कोंबडी घालण्याआधी बाजूला काढून मसूर शिजवता येईल.

ताई (डोंबिवली): असे असेल तर माझी हरकत नाही. पण डाव वेगळा ठेवावा आणि ते आधीच लेखी ठरावे.

आत्या (नाशिक): तेलाशिवाय कांदा करपणारच. माझा मेसेज बहुधा वर राहून गेला असावा, म्हणून पुन्हा लिहिला.

भाऊ (कोथरूड): आत्या, तुझा मेसेज सर्वांनी वाचला आहे. आता मसाल्याचे काय ते ठरवू. दादाने मागच्या दिवाळीत बर्बेरेचा, म्हणजे तिथल्या तिखट मसाल्याचा, मोठा पुडा पाठवला होता, तो कोणाकडे आहे?

दादा (अदिस अबाबा): तो पुडा नाशिकला गेला आणि त्याची मिसळ झाली, असे माझ्या कानावर आले आहे.

आत्या (नाशिक): पुड्यावर माझे नाव होते आणि त्याचे काय करायचे याची कोणतीही चिठ्ठी त्यात नव्हती. मिसळ उत्तम झाली होती आणि जे जेवले त्यांनी दोनदा वाढून घेतली. मला या वयात मसाल्याचा हिशोब द्यावा लागेल, असे वाटले नव्हते.

वहिनी (अदिस अबाबा): आत्याबाई, कोणीही हिशोब मागत नाही. बर्बेरे घरीही करता येते, त्यासाठीच पुढचे लिहिते. रंगाला आणि भराला ब्याडगी मिरची, तिखटाला थोडी गुंटूर, शिवाय धणे, मेथी, मिरी, लवंग, दालचिनी, सुंठ, लसूण, ओवा आणि कलौंजी. ओवा आणि कलौंजी वगळू नयेत, कारण त्यांच्याचमुळे हा मसाला आपल्या कांदा-लसूण मसाल्यापासून वेगळा होतो. कोरेरिमा म्हणजे इथला वेलदोडा पुण्यात मिळणे कठीण आहे. त्याऐवजी हिरवी वेलची घ्यावी आणि मसाला वेलदोडा अगदी चिमूटभर, कारण त्याचा धुरकट वास सगळ्यावर बसतो. तीळ आणि खसखस मात्र कोणीही घालू नये.

काकू (मालवण): आणि तूप? नुसते साजूक तूप चालेल का?

वहिनी (अदिस अबाबा): चालेल, पण नितर किब्बेचा, म्हणजे इथल्या मसाल्याच्या तुपाचा, वास येणार नाही. आपण लोणी कढवताना विड्याचे पान टाकतो, त्याच पद्धतीने इथे लोण्यात आले, लसूण, हळद, मेथी आणि कोरेरिमा घालून ते अगदी मंद आचेवर कढवतात आणि गाळून ठेवतात. त्यात कोसेरेत नावाचा सुवासिक पाला आणि तुळशीच्या कुळातली बेसोबेलाही पडते. तुमच्याकडे हे दोन्ही नसेल. दोन-चार तुळशीची पाने टाकली तर थोडेफार जवळ जाता येईल.

आत्या (नाशिक): हेच तूप कांद्यात सुरुवातीलाच घातले तर करपण्याचा प्रश्नच उरणार नाही.

मोठे काका (पुणे): हा मुद्दा तिसऱ्यांदा आला आहे आणि त्याचे उत्तर दोनदा दिले गेले आहे.

आत्या (नाशिक): मला गप्प बसवायचे असेल तर स्पष्ट सांगावे.

वहिनी (अदिस अबाबा): आत्याबाई, तुमच्यावाचून एक गोष्ट अडली आहे. इथला कांदा लहान, लाल आणि घट्ट असतो. पुण्यात सध्या कोणता घ्यावा?

आत्या (नाशिक): आता बाजारात उन्हाळी कांदा आला आहे, तोच घ्यावा. खरिपाच्या लाल कांद्याला पाणी फार असते, तो लवकर गळतो आणि आटवायला वेळ लागतो. उन्हाळी कांदा लहान आकाराचा, मानेला सुकलेला आणि वाजणाऱ्या सालाचा निवडावा. मोठे कांदे स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत. दोन किलो हवा असेल तर सव्वादोन आणावा, सालीत जातो.

भाऊ (कोथरूड): धन्यवाद, आत्या. कुकरबद्दल मात्र अजून कोणी स्पष्ट उत्तर दिलेले नाही.

वहिनी (अदिस अबाबा): स्पष्ट उत्तर नाही असेच आहे. कुकरमध्ये पाणी आटत नाही आणि कांदा नुसता उकडतो. आटणे आणि चिकटून सुटणे हेच तर या पदार्थातले खरे काम आहे. कोंबडीला मात्र फार वेळ लागणार नाही. इथे सणाला जिवंत कोंबडी आणतात, ती गावरान आणि चिवट असते, म्हणून खूप शिजवतात. तुमच्याकडची ब्रॉयलर तेवढी शिजवली तर हाडे वेगळी होतील, त्यामुळे ती शेवटच्या ३५ ते ४० मिनिटांतच घालावी. कातडी पूर्ण काढावी, कोंबडीचे १२ तुकडे करावेत आणि मीठ-लिंबू लावून पाणी नितळ येईपर्यंत धुवावेत. या धुण्याला इथे फार महत्त्व आहे. इमामा पाणी बदलून बदलून धुतात आणि मध्ये कोणी घाई केली तर त्यांना आवडत नाही.

बुधवार

भाऊ (कोथरूड): काल रात्री मुलांना जिन्यात भेटलो. मोठ्याकडे त्याच्या आईने दिलेले बर्बेरे आहे आणि तो ते आनंदाने देणार आहे. आपण दोरो वत करणार हे ऐकून तो काही क्षण बोललाच नाही. मग त्याने पहिला प्रश्न विचारला, तो कांदा किती घेणार हाच.

दादा (अदिस अबाबा): आता वहिनीचे म्हणणे कोणाला जास्त वाटणार नाही.

ताई (डोंबिवली): त्या मुलांनाच स्वयंपाकाला बोलावले तर सगळे प्रश्न सुटतील, असे नाही का?

मोठे काका (पुणे): सणाच्या दिवशी पाहुण्याला गॅससमोर उभे करणे आपल्या घराला शोभणार नाही. त्यांना चव बघायला बोलावू, राबायला नाही. वेळेचे मात्र कोणीतरी सांगा. त्यातला धाकटा मला म्हणाला की उपास रात्री नऊ वाजता सुटतो. मग आपण शनिवारी रात्रीच जेवण ठेवायचे का?

दादा (अदिस अबाबा): काका, इथे दिवसाची घड्याळे सकाळी सहापासून आणि रात्रीची संध्याकाळी सहापासून मोजतात. रात्रीचे नऊ म्हणजे आपले पहाटेचे तीन. शनिवारी रात्रभर प्रार्थना चालते, त्यानंतर उपास सुटतो. रविवार दुपारचे जेवण अगदी योग्य आहे.

काकू (मालवण): इंजेराचे, म्हणजे तिथल्या आंबवलेल्या भाकरीचे, कोणी बोलतच नाही. पोळीबरोबर वाढणार असाल तर एवढ्या मेहनतीचा उपयोग काय?

वहिनी (अदिस अबाबा): काकू, मी तुमच्याच मेसेजची वाट पाहत होते. तेफ या बारीक धान्याचे पीठ इथे दोन-तीन दिवस आंबवतात, मिताद नावाच्या मोठ्या तव्यावर बाहेरून आत गोल गोल ओततात, झाकण ठेवतात आणि एकाच बाजूने भाजतात. वर सगळीकडे जाळी पडते. तेफ नसेल तर तुमच्या आंबोळीचे पीठ अर्धी नाचणी घालून, नेहमीपेक्षा एक दिवस जास्त आंबवून आणि थोडे पातळ करून घ्यावे. आंबोळी उलटू नये आणि तिला तेलही लावू नये. आंबटपणा भरपूर हवा, कारण बर्बेरेचा तिखटपणा आणि तुपाचा जडपणा त्यानेच सावरतो.

काकू (मालवण): मी शुक्रवारी गाडीने येते आणि पीठ बरोबरच आणते. उन्हाळ्यात ते गाडीतच आंबेल. कोणी वेगळे पीठ भिजवू नये.

ताई (डोंबिवली): बाजूला पनीर करावे का?

वहिनी (अदिस अबाबा): जरूर. इथे आयिब म्हणजे ताकापासून केलेले मऊ पनीर तिखटाला उतारा म्हणून वाढतात. ते घट्ट दाबू नये, चमच्याने मोकळे राहील असे ठेवावे. एक मोठे ताट मध्ये ठेवून सर्वांनी भोवती बसावे. आणि त्या मुलांपैकी कोणी काकांना स्वतःच्या हाताने घास भरवला तर कृपया मागे सरकू नये. ती गुर्शा आहे, आदराने आणि मायेनेच देतात.

शनिवार, संध्याकाळ

भाऊ (कोथरूड): ऑफिसमधून लवकर निघून आलो आहे. कांदा चढवून तास उलटला. रंग फिकट तपकिरी आहे आणि तळाला धरतो आहे. फोटो पाठवतो. आता तूप घालू का?

आत्या (नाशिक): करपत चालला आहे. तेल हवेच होते.

वहिनी (अदिस अबाबा): करपलेला नाही, रंग अगदी बरोबर आहे. पण फोटोत अजून चिरलेल्या फोडी दिसत आहेत, म्हणून तूप नको. दोन चमचे गरम पाणी घालून तळ खरवडा आणि आणखी पंधरा-वीस मिनिटे थांबा.

भाऊ (कोथरूड): डाव फिरवल्यावर तळ दिसायला लागला आहे.

वहिनी (अदिस अबाबा): आता पाऊण वाटी नितर किब्बे, आले आणि लसूण प्रत्येकी दोन मोठे चमचे, आणि ते मिसळले की पाऊण वाटी बर्बेरे. ताईंच्या मसुरीसाठी लागणारे कुलेत तूप घालण्याआधीच काढा आणि त्यात तेल व बर्बेरे वेगळे घाला.

ताई (डोंबिवली): वेगळ्या डावाने.

भाऊ (कोथरूड): वेगळ्या डावाने काढले आहे. मसाला घातला, रंग विटकरी आहे.

वहिनी (अदिस अबाबा): तो काळपट लाल होईपर्यंत अर्धा तास थोडे थोडे गरम पाणी घालत हलवत राहा, नाहीतर मसाल्याचा कच्चेपणा जात नाही. आज इथेच थांबा. कुलेत झाकून फ्रीजमध्ये ठेवा, उद्या कोंबडी त्यात घाला आणि शेवटच्या दहा मिनिटांत उकडलेली अंडी बारीक चिरा देऊन सोडा. माणशी एक तुकडा आणि एक अंडे असा हिशोब धरा.

मोठे काका (पुणे): अंडी मी आणतो. माणसे किती झाली, ते शेवटचे एकदा कळवा.

आत्या (नाशिक): मीही येत आहे. सकाळच्या गाडीचे तिकीट काढले आहे. अंडे एक जास्त आणावे आणि तूप किती घातले ते मला आल्यावर दाखवावे.