आजीच्या इरकली लुगड्यांचा अभ्यास करायचा आहे, सुरुवात कुठून करू?

वाईची_लेक

नमस्कार मंडळी. मी इतिहासात एम.ए. करतेय, दुसरं वर्ष. आजी गेल्यावर तिची ट्रंक माझ्याकडे आली. आत इरकली नऊवारी लुगडी, एक चंद्रकळा आणि न शिवलेले खण आहेत. लघुप्रबंध यावरच करावा असं मनात आहे. विभागात विचारलं तर ‘कपड्यालत्त्याचा कसला इतिहास, सनावळी कुठून आणणार?’ असं ऐकून घ्यावं लागलं. नेटवर पाहावं तर सगळीकडे ‘मोर म्हणजे अमुक, कमळ म्हणजे तमुक, लाल म्हणजे सौभाग्य’ एवढंच.

इरकलीच्या पदरावर ते लाल-पांढरे दात असतात, त्यांचा अर्थ काय? आणि लुगडं हातमागाचं की यंत्रमागाचं, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? कुणी या विषयात काम केलं असेल तर कृपया सांगा.

जुनेर

वाईच्या लेकी, विषय उत्तम आहे, सोडू नकोस. एका वस्तुसंग्रहालयाच्या वस्त्रविभागात माझी सगळी नोकरी झाली, त्यामुळे हक्कानं सांगते.

आधी सनावळीचं. नेवाशाला डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं तेव्हा ताम्रपाषाण काळातल्या एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली. तांब्याच्या क्षारांमुळे मण्यांच्या आतला दोरा कुजला नव्हता. तपासणीत त्यात कापूस आणि रेशीम सापडलं. तीन हजार वर्षांपूर्वीचा दोरा जिथे बोलतो, तिथे तुझ्या आजीची ट्रंक का बोलणार नाही?

आता दातांचा अर्थ. यावर घाई करू नकोस. इरकल म्हणजे कर्नाटकातलं इलकल, तिथले विणकर त्या पदराला टोप तेनी म्हणतात. तीन पट्टे लाल, मध्ये दोन पांढरे, आणि ते एकमेकांत घुसतात तिथे दात. हे दात वेगवेगळ्या घडणीचे असतात आणि त्यांची नावंही वेगळी: कुठे जोंधळ्याचं कणीस, कुठे फणी, कुठे किल्ल्याची तटबंदी, कुठे डोंगररांग. शेत, घर आणि मुलूख एका पदरावर आलेत. त्यातलं एकच नाव उचलून ‘हा खरा अर्थ’ असं लिहिलंस तर बाकीच्यांवर अन्याय होईल. तुझ्या लुगड्यावर कुठली घडण आहे ते आधी बघ.

‘लाल म्हणजे सौभाग्य’ हेही तसंच. ब्राह्मण घरातल्या केशवपन केलेल्या विधवांना जे आलवण नेसावं लागे, ते लालच असायचं. काठ नाही, पदर नाही, अंगभर एकच लाल. मग सौभाग्य रंगात होतं की काठपदरात? की ते नेसणाऱ्या बाईच्या कपाळात आणि हातातल्या बांगड्यांत बघायचं? माझ्या मते हा प्रश्न धरून बसलीस तर तुझा लघुप्रबंध उभा राहील. रंगाचा अर्थ रंगात नसतो, कुणी नेसायचं आणि कुणी नाही याच्या नियमांत असतो.

ओळखायचं कसं? लुगडं उलटं कर. अंग संपून पदर सुरू होतो तिथे आडवं बोट फिरव. इरकलीच्या अंगाचा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, सुती असतो आणि पदराचा रेशमी. हे दोन ताणे धाग्याला धागा, फासात फास अडकवून जोडतात. याला कोंडी म्हणतात. जोडाची बारीक रेघ बोटाला लागतेच, आणि भिंगातून पाहिलंस तर फास दिसतील. या कोंडीमुळे ताणा एका लुगड्यापुरताच लावता येतो, लांबच लांब ताणा लावून मागाहून तुकडे करायची सोय राहत नाही. यंत्रमागाच्या नकलेला हे परवडत नाही, तिथे अंगाचाच ताणा पदरात जातो. म्हणजे कोंडी दिसली तर हातमाग, हे बऱ्यापैकी खात्रीनं धर. अलीकडच्या काळात पदरात खऱ्या रेशमाऐवजी कृत्रिम रेशीमही असतं, तेवढं लक्षात ठेव.

मग झीज बघ. संग्रहालयात आमच्याकडे येणारे शालू, पैठण्या बहुतेक न झिजलेल्या, कारण त्या लग्नाकार्यालाच निघायच्या. रोजच्या नेसणीचं लुगडं फार क्वचित येई, ते आधीच वाकळीत गेलेलं असायचं. त्यामुळे तुझ्या ट्रंकेत रोजचं लुगडं असेल तर ते पैठणीपेक्षा मोलाचं समज. काष्ट्याकडे विरलेला भाग कापून दोन्ही तुकडे मध्ये जोडलेत का पाहा, यालाच दंड घालणं म्हणतात. दंड घातलेलं लुगडं असेल तर टाके कसे आहेत, दोरा कुठला वापरलाय, किती ठिकाणी जोड आहे, सगळं लिहून काढ. त्या एका शिवणीत घरातली तंगी, बाईचा हात आणि कापडाची किंमत तिन्ही कळतात.

कागदपत्रंही आहेत. इलकल आणि खणांचं गुळेदगुड्ड हा सगळा भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होता, तेव्हा जुन्या मुंबई इलाख्याचं विजापूरचं १८८४चं गॅझेटियर बघ. इलाख्याच्या सरकारनं १८९६मध्ये रंगकामावर आणि १९००मध्ये रेशमी कापडावर अहवाल छापले होते. त्यांत मागांची, रंगांची, किमतींची माहिती मिळते, पण लिहिणारे इंग्रज अधिकारी होते आणि त्यांची नजर व्यापारावर होती. बाईनं ते कापड कसं नेसलं, कसं जपलं, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

आणि रविवर्म्याच्या छापील चित्रांवरून नेसण ठरवू नकोस. १८९४ साली मुंबईत त्याचा छापखाना निघाल्यावर लक्ष्मी-सरस्वती घरोघरी गेल्या. त्या चित्रांनी लोकांच्या डोळ्यांत एक नेसण बसवली, पण शेतात खुरपणारी बाई तशी नेसत नव्हती.

गडहिंग्लजकर

जुनेरताईंनी सगळं सांगितलंय, मी दुकानाच्या बाजूनं भर घालतो. आमचं कापडाचं दुकान आजोबांपासूनचं. इरकल आणि खण पिढ्यान् पिढ्या आमच्याकडे सीमेपलीकडून येतात. विणणारे कानडी आणि नेसणाऱ्या निम्म्याहून जास्त मराठी, अशी ही पेठ आहे. तुमच्या विषयात हे जरूर घ्या, नाहीतर इरकल ‘आमची की त्यांची’ या वादात तुमचं काम अडकेल.

जुन्या दुकानांच्या उधारीच्या वह्या शोधा. आमच्या वहीत गिऱ्हाइकाच्या नावापुढे ‘१ लुगडे हिरवे, २ खण’ असं लिहिलेलं आहे आणि तिथी आहे. संक्रांतीच्या आधी काळी चंद्रकळा, लग्नसराईत आणि डोहाळजेवणाला हिरवं, ओटीसाठी खण वर्षभर. ऊसबिल आलं की रेशमी काठाची मागणी वाढायची आणि पाऊस हुकला की नुसत्या खणावर भागायचं. कुणाच्या घरी कधी काय गेलं, याचा एवढा चोख पुरावा दुसरीकडे मिळायचा नाही. दुकानदाराशी नीट ओळख काढून जा, नावं उघड करणार नाही असा शब्द द्या, मग वह्या दाखवतील.

एक सांगायचं राहिलं. खण त्रिकोणी घडीत बांधलेला असेल तर ती घडी लगेच मोडू नका. आधी फोटो काढा, कारण ती घडी हीसुद्धा विक्रीची रीत आहे.

सावित्रीकाठ

मी महाडजवळचा. ‘कुणी नेसायचं आणि कुणी नाही’ हे ताईंनी लिहिलं, त्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. डिसेंबर १९२७च्या महाड परिषदेत बाबासाहेब बायांशी स्वतंत्र बोलले. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे कथलाचे नि चांदीचे जड दागिने ही अस्पृश्यतेची खूण झाली आहे, ती पुसून टाका, असं त्यांनी सांगितलं. बायांनी ते मनावर घेतलं आणि परिषदेतच लुगडी घोट्यापर्यंत सोडून नेसल्या. कापड तेच, वार तेवढेच. फक्त नेसण गुडघ्यावरून घोट्यावर आली आणि गावांना ते सहन झालं नाही.

तुमच्या आजीची लुगडी कुठल्या उंचीवर नेसली जायची, हे घरातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा. काठ कुठे घासलाय त्यावरूनही कळेल. खालचा काठ चिखलामातीनं खराब झालेला असेल तर नेसण खालपर्यंत होती. असं विचारायला कचरू नका, प्रत्येक जातीतल्या बायांना विचारा.

वाईची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री एक लुगडं उलटं करून पाहिलं, कोंडी सापडली! आणि दुसऱ्याला चक्क दोन दंड आहेत, एक काळ्या दोऱ्यानं आणि एक पांढऱ्या. ताई, लुगड्यांना कुबट वास येतोय. नोंदी करायच्या आधी धुऊन घेऊ का?

जुनेर

अजिबात धुऊ नकोस. डाग हाही पुरावा आहे, शिवाय जुना लाल रंग पाण्यात फुटतो आणि पांढऱ्या दातांवर उतरतो. सावलीत, वारा येईल अशा खोलीत स्वच्छ सुती चादरीवर पसरून ठेव, वास बराच जाईल. डांबरगोळ्या कापडाला लागू देऊ नकोस. पुन्हा घडी घालताना जुन्या घडीवर घालू नकोस, रेशीम तिथेच चिरतं, आणि मध्ये धुतलेल्या मांजरपाटाची गुंडाळी ठेव.

दोन वेगळ्या दोऱ्यांचे दंड म्हणजे दोन वेगळ्या वेळी घातलेले असण्याची शक्यता मोठी. कुठला आधीचा ते टाक्यांच्या झिजेवरून ठरवता येईल. दोन्हींचा फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून काढ आणि इथे टाक.