लंडन ते पॅरिस: १ तास २० मिनिटं की २ तास २० मिनिटं?
(सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा, नावांऐवजी फ्लॅट नंबर)

बी-४०२: लंडन-पॅरिस विमानाला नक्की किती वेळ लागतो? तिकिटावर लंडनहून सकाळी १०:०० आणि पॅरिसला १२:२० दिसतंय. ३५० किमीला एवढा वेळ?

ए-१०३: काका, तो घड्याळाचा घोळ आहे. पॅरिस लंडनच्या १ तास पुढे. प्रवास १ तास २० मिनिटांचाच. येताना उलटं, पॅरिसहून १०:०० ला निघून लंडनला १०:२० 😄 उन्हाळी वेळ दोन्हीकडे एकाच दिवशी बदलते, त्यामुळे फरक वर्षभर तेवढाच.

सी-७०१: त्यातही हवेत जेमतेम पाऊण तास. बाकी वेळ धावपट्टीपर्यंत सरकण्यात जातो, पॅरिसचा शार्ल द गॉल विमानतळ अवाढव्य आहे.

बी-४०२: म्हणजे विमानच बरं?

सी-७०१: नाही. दारापासून दारापर्यंत मोजा. लंडनचा हीथ्रो विमानतळ गाठायला ४५ मिनिटं, तिथे २ तास आधी, उड्डाण १:२०, उतरल्यावर इमिग्रेशन नि बॅगा धरून तासभर, मग आरईआर बी लोकलने शहरात ४० मिनिटं. झाले पावणेसहा तास. युरोस्टार रेल्वे लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनहून पॅरिसच्या गार द्यु नॉर स्टेशनला साधारण २ तास २० मिनिटांत. दीड तास आधी पोचलात तरी, स्टेशन गाठायचा वेळ धरून, एकूण सव्वाचार तासांत पॅरिसच्या मध्यात.

ए-१०३: शिवाय फ्रान्सची पासपोर्ट तपासणी सेंट पँक्रसलाच होते, पॅरिसला उतरून थेट बाहेर. पण गेट गाडीच्या ३० मिनिटं आधी बंद होतं, आपल्यासारखं पळत येऊन डबा पकडणं नाही. परतीला गार द्यु नॉरला वरच्या मजल्यावर जायचं, खाली शोधत बसू नका.

ए-६०४: बॅगांचं काय? लोणचं आहे बरोबर 🙈

ए-१०३: वहिनी, रेल्वेत वजन कोणी करत नाही. साध्या तिकिटावर ८५ सेंमीपर्यंतच्या २ बॅगा आणि हातातली १ छोटी. विमानातला द्रव पदार्थांचा १०० मिलिचा नियमही नाही. उचलायच्या मात्र स्वतःच.

सी-७०१: स्वस्त विमान दिसलं तर आधी विमानतळ बघा. ल्युटन, गॅटविक नावाला लंडन, शहरापासून ४५-५० किमी.

डी-२०२: सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. शेंगेन व्हिसावर (फ्रान्ससह युरोपातल्या अनेक देशांचा एकच व्हिसा) इंग्लंडला जाता येत नाही, ब्रिटनचा व्हिसा वेगळा. आणि पॅरिस-लंडन-पॅरिस केलंत तर शेंगेनमधला तो दुसरा प्रवेश. सिंगल एंट्री, म्हणजे एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर लंडनहून पॅरिसला परतायचं तिकीट वाया, कारण तुम्हाला सेंट पँक्रसलाच अडवतील.

बी-४०२: बापरे. आमची सिंगलच आहे.

डी-२०२: मग क्रम बदला. मुंबईहून आधी लंडन, तिथून रेल्वेने पॅरिस, आणि परतीचं विमान पॅरिसहूनच. विमानाचं तिकीट अजून काढलं नसेल तर आजच बघा.