पॉर्न कलाकारांना कंडोमची सक्ती: कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये चूक केली का?

मेधा_क
नोव्हेंबर २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 'प्रपोझिशन ६०' फेटाळलं. चित्रीकरणात कंडोम सक्तीचा, तपासण्या आणि लसींचा खर्च निर्मात्याच्या माथी, असा तो प्रस्ताव. मला तो निकाल आजही खटकतो. २००४ मध्ये तिथे एका अभिनेत्याला एचआयव्हीची लागण झाली. ती तपासणीत दिसेपर्यंत त्याच्यासोबत काम केलेल्या तीन अभिनेत्रींनाही झाली होती. बांधकामावरच्या मजुराला हेल्मेट देणं मालकाला बंधनकारक, मग इथेच सूट का?

रानवारा
विरोध कोणी केला तेही सांगा की! खुद्द कलाकारांनी. सरकारने तक्रारीची दखल घेतली नाही तर राज्यातला कुणीही रहिवासी निर्मात्यावर दावा लावू शकेल, असं कलम त्यात होतं. स्वतःच चित्रीकरण करून विकणाऱ्या कलाकारांनाही कोर्टात खेचता आलं असतं, आणि कोर्ट म्हणजे खरं नाव उघड. २०११ मध्ये त्यांच्या तपासणी केंद्राची माहिती फुटून हजारोंची खरी नावं जालावर आली होती. ती माणसं घाबरणारच. शिवाय तासन्‌तास चालणाऱ्या कामात कंडोमने सोलवटतं, ही तक्रार अभिनेत्रींचीच आहे.

मेधा_क
नावांचा मुद्दा मान्य, ते कलम नकोच होतं. पण या धंद्यात कलाकारांची दर १४ दिवसांनी होते ती तपासणी ही ढाल नव्हे. आज रिपोर्ट स्वच्छ, परवा लागण, आणि पुढच्या तपासणीपर्यंत काम चालूच. लागणीनंतरचे पहिले काही दिवस तर विषाणू कुठल्याच तपासणीत सापडत नाही.

कृष्णाकाठ
मी सांगलीची. आमच्याकडे १९९२ पासून 'संग्राम' या संस्थेच्या कामात वेश्याव्यवसायातल्या बायकांनीच कंडोम घरोघर पोचवले. पुढे त्यांनी 'व्हॅम्प' ही स्वतःची संघटना उभारली. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं बळ त्यांना एकीतून आलं, पोलिसांच्या धाकातून नाही. लॉस एंजेलिस काउंटीने २०१२ मध्ये सक्ती केलीच होती ना? चित्रीकरणाचे परवाने मागणारे झपाट्याने कमी झाले. काम थांबलं असं समजू नका, ते नजरेआड गेलं.

मेधा_क
सांगलीच्या बायकांबद्दल मला आदरच आहे. पण एकी व्हायला वर्षं लागतात. तोवर कालच आलेली नवखी मुलगी सेटवर 'कंडोम हवा' म्हणाली, तर उद्या तिला काम मिळेल?

रानवारा
बहुधा नाही. म्हणूनच तिच्या बाजूने बोलणारं माणूस सेटवर हवं. दावा ठोकणारा परका तिच्या काय कामाचा?