मस्ट, हॅव टू, ऑब्लाइज... मराठीत कसं सांगू? मदत हवी आहे

मंडळी, मुलीला आठवीचं इंग्रजी शिकवताना अडकलेय. मस्ट आणि हॅव टू दोन्हीला मी 'लागतं' सांगत होते पण नकारात सगळं फिरतं ना, 'यू मस्ट नॉट कम' म्हणजे यायचंच नाही आणि 'यू डोन्ट हॅव टू कम' म्हणजे नाही आलीस तरी चालेल, तिने वहीत दोन्हीचा अर्थ एकच लिहिलेला. ते समजावलं एकदाचं. आता कम्पेल, कोअर्स, ऑब्लाइज. कोअर्समध्ये धाकदपटशा आहे, कम्पेल परिस्थितीसुद्धा करते, पावसाने मॅच थांबवायला भाग पाडलं तसं, इतपत कळतं. पण 'आय फेल्ट ऑब्लाइज्ड टू गो' ला 'जावं लागलं' म्हटलं की त्यातला संकोचच जातो, 'भिडेखातर गेले' चालेल का? आणि कायद्याने ऑब्लाइज्ड असेल तिथे 'बांधील' ना? परवा पेपर आहे, प्लीज सांगा.