मदत हवी आहे: बाल्डर्स गेट ३ गेममध्ये विझार्ड (जादूगार) काही कामाचा नाही, फायटर (लढवय्या) करून घेऊ का?

रात्रपाळी_ठाणे
तीन रात्री झाल्या गॉब्लिन कॅम्पात अडकलोय. माझं मेन कॅरेक्टर विझार्ड आहे, मंत्र चालतच नाहीत, दुसऱ्या राउंडला आडवा होतो आणि पुढचं सगळं टीममधली लेझेल एकटी तलवारीने निपटते, मग मी विझार्ड घेतला कशाला? वेबसिरीजमध्ये जादूगार एका हाताने फौज उडवतात आणि इथे एका बाणात खेळ खल्लास. विदर्सला (पात्राचा प्रकार बदलून देणारा) १०० सोनं देऊन फायटर करून घेऊ का एवढंच सांगा, आज रात्रीच करायचंय.

फासे_खुळखुळ
लेव्हल किती, डिफिकल्टी कोणती, कॅम्पातली नक्की कोणती लढाई? आणि मंत्र चालत नाहीत म्हणजे हुकतात की बटणच दाबलं जात नाही? दोन्हीचं उत्तर वेगळं आहे.

कोल्हापुरी_गदा
कर फायटर, विचारतोस काय. लेव्हल ५ ला एका टर्नमध्ये दोन वार, ११ ला तीन, वर अ‍ॅक्शन सर्ज (जादा कृती) मारला की त्याच टर्नमध्ये परत तेवढेच. तो सर्ज शॉर्ट रेस्टने (छोट्या विश्रांतीने) परत मिळतो. विझार्डला चार मंत्र टाकले की बसायचंय. मी पूर्ण गेम फायटरवर काढलाय, एकदाही अडलो नाही.

निळी_ज्योत
गदा भाऊ, आगीच्या गोळ्याचा मंत्र फायरबॉल विसरलात का? सहा बाजूंच्या ८ फाशांचं नुकसान, सरासरी २८, आणि तो आकडा गोळ्यात सापडलेल्या प्रत्येकाला, चुकवला तरी अर्धा. पाचजण घोळक्यात असले तर बेरीज तुम्हीच करा. तुमची तलवार त्या टर्नला दोघांपाशी पोचते.

कोल्हापुरी_गदा
आणि आपलीच माणसं भाजली की?

निळी_ज्योत
विझार्डची इव्होकेशन शाखा घ्यायची. लेव्हल २ लाच स्कल्प्ट स्पेल्स मिळतं, आपल्या माणसांना झळ लागत नाही.

हार्डवेअरवाला_नगर
गेम हार्ड डिस्कवर टाकलाय का? १५० जीबीचा आहे, एसएसडीवरच टाका, लोडिंगमध्ये फार फरक पडतो. माझ्याकडे आधी अटकायचा.

रात्रपाळी_ठाणे
एसएसडीवरच आहे हो, तो प्रश्नच नाहीये. लेव्हल ४, डिफिकल्टी बॅलन्स्ड, गॉब्लिनांचा सरदार द्रोर रॅगझ्लिनचा हॉल. आणि लेव्हल ४ ला फायरबॉल आणू कुठून? बटण राखाडी दिसतं, सगळेच मंत्र राखाडी, परवापासून. आधी निदान दोन-तीन तरी टाकता यायचे. बग असणार.

फासे_खुळखुळ
बग नाही. अंगावर काय घातलंय? आणि शेवटचा लाँग रेस्ट (रात्रीची पूर्ण झोप) कधी घेतला?

रात्रपाळी_ठाणे
सारखा मरत होतो म्हणून लेझेलचं हाफ प्लेट चिलखत घातलं परवा. लाँग रेस्ट एकदाच घेतलाय, अगदी सुरुवातीला. डोक्यात ती अळी आहे ना, काही दिवसांत माइंड फ्लेअर (राक्षस) होणार असं सगळे सांगतायत, मग झोपून दिवस कसे घालवू?

फासे_खुळखुळ
सापडलं. रेस (वंश) कोणती?

रात्रपाळी_ठाणे
हाय एल्फ. त्याने काय होतं?

फासे_खुळखुळ
त्यानेच होतं. ज्या चिलखताचं प्रशिक्षण नाही ते अंगावर असेपर्यंत या गेममध्ये एकही मंत्र टाकता येत नाही. हाफ प्लेट मध्यम चिलखत आहे, हाय एल्फ विझार्डला चालत नाही. काढ ते, साधा झगा घाल आणि मेज आर्मर मंत्र टाक. एसी (बचावाचा आकडा) १३ अधिक डेक्स्टेरिटीचा (चपळाईचा) बोनस, लाँग रेस्टपर्यंत टिकतो, कॉन्सन्ट्रेशनही (मंत्रावर लक्ष धरून ठेवणं) लागत नाही. आणि लाँग रेस्ट घे रे बाबा. अळीची घाई कथेपुरती आहे, झोपल्यामुळे तू बदलत नाहीस. लेव्हल ४ ला पहिल्या पातळीचे चार आणि दुसऱ्या पातळीचे तीन स्लॉट (मंत्र टाकायच्या संधी), ते तू केव्हाच संपवलेस आणि झोपलाच नाहीस, मग परत येणार कुठून? लढाई संपल्यावर आर्केन रिकव्हरी वापर, थोडे तिथेच परत मिळतात.

गिथ्यांकी_फॅन
किंवा रेसच गिथ्यांकी (लेझेलची) घ्यायची. हलकं आणि मध्यम चिलखत दोन्ही चालतं. शील्ड ड्वार्फलाही. मी कायम तसाच विझार्ड बनवते.

कोल्हापुरी_गदा
रेस विदर्स बदलून देत नाही ताई, त्याला नवा गेम सुरू करावा लागेल. आणि मुद्दा माझाच सिद्ध झाला, फायटरला हे सोपस्कार नाहीत.

फासे_खुळखुळ
सोपस्कार नाहीत, किंमत आहे. हा गेम ज्यावर बेतलाय ते डीअँडडी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) आम्ही कागदावर खेळायचो तेव्हाच्या नियमांत पहिल्या लेव्हलच्या मॅजिक-युजरला (तेव्हाचा विझार्ड) दिवसाला एकच मंत्र, टाकला की संपला, मग उरलेला दिवस फायटरच्या मागे उभं राहायचं. १९७४ च्या मूळ डीअँडडीपासून हा हिशोब चालत आलाय. फायटर वारावर मोजायचा, विझार्ड दिवसावर. दिवस संपवायचाच नाही म्हटलं तर विझार्ड दुबळाच वाटणार.

पडदा_आणि_पॉपकॉर्न
वेबसिरीजचा विषय निघालाय म्हणून, द विचरच्या पहिल्या सीझनमध्ये (२०१९) हेच दाखवलंय. अरेतुझा या जादूच्या शाळेत मुलींना दगड उचलायला लावतात, एक मुलगी फुलातली शक्ती न घेता उचलते आणि तिचा हातच सुकतो. शेवटी सॉडेनच्या लढाईत जादूगारीण येनेफर आग ओकते तेव्हा तिच्यात काहीच उरत नाही. नायक गेराल्टची तलवार मात्र दुसऱ्या दिवशीही तशीच. एका हाताने फौज उडवली हे लक्षात राहतं, नंतर ती कोसळली ते राहत नाही.

निळी_ज्योत
गेराल्टही साइन्स वापरतो, तो निव्वळ तलवारवाला नाही. त्याला या वादात धरू नका.

पडदा_आणि_पॉपकॉर्न
साइन्स म्हणजे फुटकळ जादू. पण दुसरा धागा काढू यावर.

वॉरलॉक_का_नाही
कोणी वॉरलॉक (दुसरा जादूवाला प्रकार) सुचवला नाही? स्लॉट शॉर्ट रेस्टलाच परत मिळतात, झोपायची कटकट कमी.

रात्रपाळी_ठाणे
वॉरलॉक नको. चिलखत काढलं, बटणं लगेच चालू झाली!! कॅम्पात जाऊन झोपलो, ४० सप्लाय (अन्नसाठा) गेले पण काही वाईट झालं नाही, उलट टीममधल्या शॅडोहार्टचा एक नवीन सीन आला. हॉलच्या दारातून शॅटर मंत्र टाकला, तीन गॉब्लिन एकदम गेले, पण रॅगझ्लिन अजून उभा आहे आणि माझ्याकडे दुसऱ्या पातळीचा एकच स्लॉट उरलाय. तो आत्ता टाकू की लेझेलला पुढे घालू?

फासे_खुळखुळ
त्याचं रक्त किती उरलंय ते सांग आधी. आणि वॉकीन्स रेस्टला गेलायस का? ती जळती सराई पाहून तू झोपलास तर आतली माणसं वाचत नाहीत. घाई खरी असते ती अशा ठिकाणी.

रात्रपाळी_ठाणे
सराई काल पाहिली होती. आधीचा सेव्ह आहे, बघतो.