सायलेन्सरवरचे पेल्टियर मॉड्यूल बंद पडले
प्रश्न: सायलेन्सरच्या उष्णतेवर वीज करायला 125 सीसी बाइकच्या बेंड पाइपवर (इंजिनातून निघणारी वाकडी नळी) ॲल्युमिनियमचा ठोकळा बसवून चार टीईसी1-12706 पेल्टियर मॉड्यूल (दोन बाजूंच्या तापमानात फरक असला की वीज देणाऱ्या चपट्या चकत्या) सिरीजमध्ये जोडले. एलईडी दहा मिनिटं लागला, मग विझला. मीटरवर सर्किट ओपन. काय चुकलं?

उत्तर: आतलं सोल्डर वितळलं. ते बिस्मथ-कथिलाचं, 138 अंशांलाच पातळ होतं. ही मॉड्यूल थंड करण्यासाठी असतात. वीजनिर्मितीची, 300 अंश सोसणारी घ्या आणि बेंडपासून मागे, मफलरजवळ लावा. सिरीजमध्ये एक गेलं तरी सगळी साखळी बंद.

उत्तर: खरी मेख गार बाजूची! फिनचा हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा पात्यांचा धातूचा तुकडा) वाऱ्याच्या तोंडाला हवाच. गरम बाजूला उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकते, ग्रॅफाइट शीट घाला. बोल्टखाली स्प्रिंग वॉशर नसेल तर धातू फुगून सिरॅमिक तडकतं.

उत्तर: लोडचा (इथे एलईडीचा) रोध मॉड्यूलच्या आतल्या रोधाइतका ठेवा, तरच पूर्ण वॅट मिळतील. कार्यक्षमता जेमतेम 5 टक्के, हेडलाइटची आशा नको.